आधी विचारायचं, मग उचलायचं

किस्से हे खरकट्या भांड्यांसारखे असतात. वेळच्या वेळी हातावेगळे केले नाहीत तर ढीग होतो. मग वरचं एक काढायला जावं तर खालची चार घरंगळतात. परवा इथं जपानात, आमच्या फुनाबोरीत एका बारशाला मी कोर्सचा एकच किस्सा सांगायला तोंड उघडलं, तर बाळाचं नाव ठेवायचं राहिलं बाजूला आणि घुगऱ्या गार झाल्या. शेवटी बाळाची आजी म्हणाली, "बाई, तू हे लिहून काढ. म्हणजे आम्हाला आमचे कार्यक्रम करता येतील!"

म्हणून लिहिते.

मी जाधवबाई. वय अठ्ठेचाळीस. शिक्षण चौथी, पुण्यात, कॉर्पोरेशनच्या शाळेत. पाचवीत जायचं त्या जूनमध्ये आईबरोबर मेसला पोळ्या लाटायला गेले, ती लग्नापर्यंत लाटतच होते. नवरा इथं इंडियन हॉटेलात कुक. मुलगी सतरा वर्षांची, इथंच वाढलेली. मी मराठीत ओरडते, ती जपानीत उत्तर देते, त्यामुळे आमचं एकही भांडण आजवर पूर्ण झालेलं नाही.

कोतो भागातल्या एका वृद्धाश्रमात मी सहा वर्षं भांडी घासतेय. किचन तळघरात. लिफ्टनं ताटं वर जातात, लिफ्टनं खाली येतात. माणसं वर, खरकटं खाली. मला वर जायचं होतं. माणसांत. त्यासाठी कागद लागतो, म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायचा कोर्स केल्याचा. चार महिने, आठवड्यातून एक दिवस क्लास, घरी लिहायचा अभ्यास आणि शेवटी लेखी परीक्षा. आमच्या मॅनेजरबाई म्हणाल्या, "मार्चअखेर कागद आणा, एप्रिलपासून वर या. नाही आणलात तर जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल."

फुनाबोरीतल्या इंजिनियरांच्या बायकांनी परस्पर उठवलं, "जाधवबाई नर्सिंग कॉलेजला लागल्या!" कॉलेज कसलं, स्टेशनसमोरच्या बिल्डिंगचा चौथा मजला, खाली ड्रायक्लीनरचं दुकान. पण मी कुणाचं तोंड धरलं नाही. अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत मला कुणी कॉलेजात घातलं नव्हतं, आता घालतायत तर घालू देत!

*

ॲडमिशनचा फॉर्म. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. मग आला शिक्षणाचा रकाना. तिथं माझं पेन थांबलं.

काउंटरवरचा क्लार्क तरुण, टाय घातलेला, फार नम्र. म्हणाला, "शेवटची शाळा कोणती?"

म्हटलं, "चौथी."

त्यानं बोटांवर मोजलं. इथं प्राथमिक शाळाच सहा वर्षांची. म्हणाला, "म्हणजे... प्राथमिकही पूर्ण नाही?"

"नाही. पण जेवढी केली तेवढी नीट केली!"

तो घामेघूम. मला वाटलं, संपलं आपलं, आता हा आत जाऊन साहेबाला विचारणार. मी पर्स उचलली आणि विचारलं, "मग नाही ना मिळणार ॲडमिशन?"

तो म्हणाला, "छे छे, मिळणार ना! या कोर्सला शिक्षणाची अटच नाही."

"अट नाही?"

"अजिबात नाही."

"मग विचारलंस कशाला रे बाबा?"

त्यानं फॉर्मकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "रकाना आहे म्हणून."

*

आमच्या शिक्षिका ओकुबो-सेन्सेई. चाळीस वर्षं नर्स होत्या. अंगानं चिमणीएवढ्या, पण त्यांनी नुसतं बघितलं तरी माझी पाठ ताठ व्हायची. आणि माझे जोडीदार इशिई-सान. बँकेतून रिटायर झालेले, वय सत्तर. म्हणजे आम्ही ज्यांची सेवा करायला शिकत होतो त्यांच्याच वयाचे! दर आठवड्याला एकानं पेशंट व्हायचं, दुसऱ्यानं सेवा करायची. इशिई-सान बहुतेक वेळा पेशंटच व्हायचे. म्हणायचे, "मला पुढं हेच व्हायचंय, प्रॅक्टिस असलेली बरी."

पहिला धडा, माणसाला कुशीवर वळवणं. मी पदर खोचला. म्हणजे पंजाबी ड्रेस होता, पण मनातल्या मनात खोचला. पोत्याला हात घालावा तसा इशिई-सानना हात घातला आणि एका दमात वळवलं. थेट भिंतीकडं तोंड!

मला वाटलं टाळ्या पडतील. सेन्सेई म्हणाल्या, "जाधव-सान, तुम्ही त्यांना विचारलंत का?"

"काय?"

"मी तुम्हाला वळवू का, असं."

इथला हा नियमच आहे. अंगाला हात लावण्याआधी बोलायचं. काय करणार ते सांगायचं, उत्तराची वाट बघायची, मग हात लावायचा. उशी सरकवायची असली तरी!

म्हटलं, "आणि ते नको म्हणाले तर?"

"तर नाही वळवायचं."

"मग?"

"थोड्या वेळानं पुन्हा विचारायचं."

"सेन्सेई, माझ्या घरात असं केलं तर दिवाळीपर्यंत कुणी आंघोळ करणार नाही!"

पण अभ्यास म्हणजे अभ्यास. घरी जाऊन मुलीच्या खोलीचा दरवाजा वाजवला. सतरा वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, "मी आता आत येऊन तुझी चादर बदलणार आहे. चालेल का?"

आतून जपानीत उत्तर आलं, "नको."

आणि मी, जिनं मेसमध्ये साठ जणांना धाकात ठेवलं ती मी, हातात धुतलेली चादर घेऊन दाराबाहेर अर्धा तास उभी!

*

पुढचा धडा, झोपलेल्या माणसाला कपडे घालणं. वृद्धाश्रमात रात्रीचा युकाता घालतात, आपल्या गाऊनसारखा, पण पुढून दोन बाजू एकमेकींवर घेऊन पट्ट्यानं बांधायचा. इशिई-सान डोळे मिटून पडले. या वेळी मी शहाणी झाले होते. "आता डावा हात घेते हं. आता उजवा घेते हं. आता पट्टा बांधते हं." तोंड एक क्षण बंद नाही. बाही व्यवस्थित, सुरकुती नाही, गाठ झकास. माझ्या ब्लाउजच्या हुकांच्या सवयीनं उजवी बाजू वर घेतली, मागं सरकले आणि आजूबाजूला बघितलं.

एका मुलीनं तोंडावर हात ठेवला.

सेन्सेई सावकाश आल्या. पलंगापाशी उभ्या राहिल्या. इशिई-सानकडं बघितलं. आणि दोन्ही हात जोडून वाकून नमस्कार केला!

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. जिवंत माणसाची डावी बाजू वर. उजवी बाजू वर घेतात ती फक्त प्रेताची.

इशिई-साननी एक डोळा उघडला. "मी कधी गेलो?"

"आत्ताच," सेन्सेई म्हणाल्या. "पण फार बोलून-सांगून नेलं तुम्हाला."

*

भरवायचा धडा आला तेव्हा मी म्हटलं, आता बघाच. घासात मला कोण शिकवणार?

कस्टर्डची वाटी, छोटा चमचा. त्यांच्या नजरेच्या पातळीवर बसायचं, घास लहान द्यायचा, गिळल्याशिवाय पुढचा नाही. सगळं बरोबर केलं. अर्धी वाटी झाल्यावर इशिई-सान म्हणाले, "पुरे."

म्हटलं, "एवढंसं तर राहिलंय."

"पोट भरलं."

"एवढ्यानं? चिमणीचं तरी भरेल का? हा एकच."

त्यांनी तोंड उघडलं. मग आणखी एकच. मग शेवटचा. मग खरंच शेवटचा. वाटी संपली. शेजारच्या जोडीची वाटी तशीच पडली होती, ती ओढली. अन्न वाया का घालवा! तीही संपली.

सेन्सेई येऊन उभ्या राहिल्या. "इशिई-सान, तुम्ही पुरे म्हणालात ना?"

"हो."

"मग खाल्लंत का?"

इशिई-सान म्हणाले, "भीती वाटली."

त्या दिवशी फळ्यावर सेन्सेईंनी मोठ्या अक्षरात लिहिलं, नको म्हणजे नको. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. मी तीनदा लिहिलं. माझ्या माहेरी नको म्हणजे दोन वाढ, आणि खरंच नको म्हणजे एक वाढ!

*

घरचा अभ्यास असा होता, की घरातल्या एका माणसाचं आठवडाभर निरीक्षण करा. त्याला कोणती कामं स्वतःहून जमतात, कोणत्या कामाला मदत लागते, ते लिहा. त्या वर्गात सेन्सेईंनी सांगितलं होतं, माणसाला जे जमतं ते आपण करून द्यायचं नाही. करून दिलं की त्याची ताकद जाते, आणि गेलेली ताकद परत येत नाही.

मी आमच्या ह्यांना धरलं. सात दिवस गुपचूप लिहिलं, सगळं हिरागानात, इथल्या बाळबोध अक्षरांत, कारण कांजी, म्हणजे ती चित्रासारखी अवघड अक्षरं, माझ्या बापजन्मात नव्हती. चालणे, स्वतः. खाणे, स्वतः. टीव्हीचा रिमोट शोधणे, स्वतः. पाण्याचा ग्लास घेणे, पूर्ण मदत. मोजे शोधणे, पूर्ण मदत. ओला टॉवेल पलंगावरून उचलणे, प्रतिसाद नाही. हॉटेलात हाच माणूस एका वेळी चार शेगड्या सांभाळतो, तेही लिहिलं.

पुढच्या आठवड्यात वही परत आली. खाली लाल शाईत सेन्सेईंनी विचारलं होतं, "ही अवस्था गंभीर दिसते. आजार कितव्या वर्षी सुरू झाला?"

मी खाली लिहिलं, "सव्विसाव्या. लग्नाच्या दिवशी."

वही पुन्हा परत आली. लाल शाईत एवढंच होतं, "आमच्याकडेही."

*

फेब्रुवारी लागला आणि माझी मस्करी बंद झाली. पुस्तक विटेएवढं. परीक्षा शंभर मार्कांची, पास व्हायला सत्तर. कांजीच्या डोक्यावर बारीक हिरागाना छापून देणार होते, म्हणजे वाचता आलं असतं. पण वाचलं म्हणजे समजलं असं थोडंच आहे? शेवटचा पेपर मी नऊ वर्षांची असताना दिला होता. किचनमध्ये भांडी घासताना लिफ्टची घंटी वाजली की मनात यायचं, बाई, जन्मभर ही घंटीच ऐकायची आहे तुला.

मुलगी शिकवायला बसली. दोन दिवसांत तिची सहनशक्ती संपली. "आई, ही कांजी तिसरीतली आहे."

म्हटलं, "मग बरोबर आहे. माझी चौथी झालीय, तिसरीतलं विसरले!"

शेवटी तिनंच युक्ती काढली. चिठ्ठ्या लिहून दिल्या, ज्या त्या वस्तूवर चिकटवायच्या. फ्रिज झाला, संडास झाला, अवयव राहिले. रविवारी दुपारी आमचे हे बाहेरचं जाकीट घालूनच पालथे घोरत होते. मी आधी बोलले, नियमाप्रमाणे, "अहो, तुमच्यावर चिठ्ठ्या चिकटवू का?" त्यांनी घोरून होकार दिला. खांदा, कोपर, कंबर, गुडघ्याची मागची बाजू. आणि धड्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द, लकवा झालेली बाजू, तो डाव्या दंडावर मागच्या अंगाला.

हे उठून संध्याकाळच्या पाळीला निघायच्या आत मी सगळ्या काढल्या. म्हणजे मला तसं वाटलं.

त्या दिवशी हे घरी आले ते एकदम खुशीत. "अगं, एकोणीस वर्षं झाली मला या देशात. पण आज कळलं हे लोक किती चांगले आहेत ते! जाताना दोघांनी उठून जागा दिली. एका म्हातारीनं बॅग धरली. स्टेशनमास्तर स्वतः लिफ्टपर्यंत सोडायला आला!"

मी मागून जाऊन दंडावरची चिठ्ठी काढून घेतली. चांगलं मत झालंय, कशाला मोडा!

*

आणि परीक्षा.

मार्चचा शेवटचा आठवडा. सकाळी एका तासाचा पेपर. निवडायचे प्रश्न मी एकेक करून सोडवले, बोट ठेवून, ओठ हलवत, पोर वाचतं तसे. शेवटी एक प्रश्न स्वतःच्या शब्दांत लिहायचा, दहा मार्कांचा. तो असा होता.

संध्याकाळी एक आजोबा दाराशी येऊन म्हणतात, मला घरी जायचंय. त्यांचं घर आता उरलेलं नाही, हे ते विसरलेत. तुम्ही त्यांना काय म्हणाल?

मी प्रश्न दोनदा वाचला. मग पेन जे चालायला लागलं ते थांबलंच नाही. घंटा झाली, पेपर दिला, आणि जिना उतरताना मला काय करून बसले ते कळलं. खालच्या ड्रायक्लीनरच्या बाकावर बसून राहिले.

दुपारी चारला निकाल. एकेकाला आत बोलवत होते. इशिई-सान पास होऊन बाहेर आले, मला वाकून म्हणाले, "तुमच्या हातून एकदा मेलो, म्हणून आज तरलो." मला हसूसुद्धा आलं नाही.

आत सेन्सेई एकट्या. टेबलावर माझा पेपर.

"जाधव-सान, पासष्ट झालेत. शेवटच्या प्रश्नाचे अजून दिलेले नाहीत."

मी मान खाली घातली.

"हे काय आहे?"

"मराठी."

"मला वाचता येत नाही."

"माहीत आहे. चूक झाली. मुद्दाम नाही केलं. आता जपानीत सांगते, चालेल का?"

"नको," सेन्सेई म्हणाल्या. "लिहिलंय तसं वाचा." आणि डोळे मिटून घेतले.

मी पेपर उचलला. माझाच हात, माझीच अक्षरं. मग वाचलं.

"चला, आजोबा. मलाही जायचंच आहे. तुमचं घर कुठल्या अंगाला? माझं लांब आहे हो, आधी तुमच्याकडं जाऊ. बाहेर गार आहे, गळ्याभोवती काहीतरी गुंडाळा. कोण असेल आत्ता घरी? आई? मग हातपाय धुऊनच आत जाऊ, नाहीतर दोघांनाही ओरडेल. बूट घाला. सावकाश घाला, कुणी मागं लागलेलं नाही. मी आहे ना बरोबर."

पेपर खाली ठेवला. सेन्सेईंनी डोळे उघडले, खुर्ची मागं सारली आणि दाराशी गेल्या. वर्गातल्या सपाता काढल्या, रॅकवरचे आपले बाहेरचे बूट घेतले, छोट्या स्टुलावर बसून एकेक करून पायात चढवले. मग उठून उभ्या राहिल्या आणि माझ्याकडं हात पुढं केला.

मी घाबरत विचारलं, "सेन्सेई, मार्क?"

त्या म्हणाल्या, "आधी घरी."